इंग्रज सासू आणि शेळीची घंटी

“म्या ‘येस’च म्हनले, बाई. देवाशपत. तिनं इचारलं, सयपाक येतो का? म्या म्हनले, येस. इचारलं, म्हाताऱ्या मानसाचं करायला आवडतं का? म्या म्हनले, येस, येस. तरीबी ती पोरगी तोंड आंबट करून म्हनली, आमी कळवतो.”

“नुसतंच येस म्हनलीस? का शेवटाला ‘मॅडम’ लावलंस?”

“लावलं की. दोनदा लावलं.”

“मंग आंबट तोंड कशापायी?”

“त्येच तर इचारायला आलेय. बाई तुमी हाईत का मी?”

दोच्काबाईंनी चाटू फिरवला. अंगणात चुलीवर लाल मिरच्यांची चटणी रटरटत होती आणि तिला ढवळायचं सोडलं की ती बुडाला लागते. सप्टेंबर लागला की दोल्ना क्रुशा गावात घरोघर हाच उद्योग. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोत आटवायच्या आणि बाटल्या भरून तळघरात लावायच्या. गावभर धूर. नेद्का पालथ्या खोक्यावर बसून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती. ती आली होती गाऱ्हाणं घेऊन, पण या गावात रिकाम्या हातानं गाऱ्हाणं सांगत नाहीत.

नेद्का नवरा गेलेली बाई. डबाबंद भाजीचा कारखाना चालू होता तोवर तिनं काकड्या बाटलीत कोंबल्या. कारखान्याला टाळं लागल्यावर एक शेळी आणि दोन वाफे एवढ्यावर तिचं चाललेलं. एकुलती लेक इस्क्रा इंग्लंडात, लीड्स गावी, इस्पितळाच्या धुलाईत कामाला. तिला गेल्या वर्षी मुलगी झाली. ती नात नेद्कानं फक्त फोनच्या काचेत पाहिलेली. पोरगी आता बोटानं काच खरवडायची आणि आजी काही बाहेर येत नाही म्हणून रडायची. लेक-जावयाला एकच खोली, त्यात तिसरं माणूस मावायचं नाही. पण त्याच गावात कुणा म्हातारीच्या घरी राहून तिला सांभाळायचं काम मिळालं, तर रविवारच्या सुट्टीला नातीकडं जाता येईल, असा नेद्काचा हिशेब. माणसं कामाला लावणाऱ्या कचेरीतल्या पोरीला दोन मुलाखती दिल्या, दोन्हींत आंबट तोंड. आता इस्क्रानं स्वतः खटपट करून लीड्समधलीच एक म्हातारी शोधली होती. दोन आठवड्यांनी तिच्याशी बोलायचं होतं.

“ही गेली तर लीड्समदली दुसरी मिळायची न्हाय,” नेद्का म्हणाली. “मंग मला कुठंबी घातलं तरी माजी नात काचंतच ऱ्हानार.”

दोच्काबाईंचं सगळं आयुष्य परक्या भाषा शिकवण्यात गेलं, आणि त्यातली एकही त्यांनी आपल्या मर्जीनं निवडली नव्हती. तरुणपणी सरकारला रशियन हवी होती, म्हणून त्या रशियन शिकल्या. मग ते सरकार गेलं आणि रशियनला कुत्रंही विचारीना. खात्यानं रशियनच्या मास्तरांना एका उन्हाळ्यात कोंडून इंग्रजीचं पाणी पाजलं आणि सांगितलं, जा, आता हे शिकवा. बाई पोरांच्या एक पान पुढं राहून शिकवीत. एखादं पोर हुशार निघालं, की त्यांना दोन पानं पुढं पळावं लागे. पुढं गावात पोरंच उरली नाहीत. शाळा बंद झाली. बाई घरी बसल्या आणि म्हणाल्या, सुटले.

महिनाही झाला नाही तोच बायका दारात उभ्या. “बाई, इंग्लंडात म्हाताऱ्या सांबाळायला मानसं पायजेत म्हनं. आमास्नी चार शब्द शिकवा.”

शाळेतलं जुनं पुस्तक बाईंनी पहिल्या दिवशी उघडलं. त्यात एक टोपीवाला दुसऱ्याला विचारत होता, स्टेशन कुठं आहे. दुसरा सांगत होता, आज हवा छान आहे. बाईंनी पुस्तक मिटलं आणि चुलीच्या जळणात ठेवून दिलं. असल्या पुस्तकानं कुणा म्हातारीची कूस बदलता येत नाही.

मग त्यांनी आपली हत्यारं आपण घडवली. जी बाई इंग्लंडातून सुट्टीला येई, तिला कॉफी पाजून विचारायचं, तू दिवसभर तोंडानं काय काय बोलतेस ते सांग. सांगेल ती वस्तू पोतडीत जायची. तापमापी, गरम पाण्याची रबरी पिशवी, दातांची कवळी, पायमोजे, गोळ्यांची डबी. वर्गात डोळे मिटून पोतडीत हात घालायचा, हाताला लागेल ते काढायचं आणि त्यावर तीन वाक्यं इंग्रजीत बोलायची. कवळी निघाली की हशा व्हायचा, पण कवळीची तीन वाक्यं गावातली प्रत्येक बाई झोपेतसुद्धा बोलली असती.

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे इंग्रज सासू. मक्याची सालं भरलेलं पोतं, त्याला चिंध्यांचे पाय, वर बाईंच्या सासूचा जुना कोट, आणि डोकं म्हणून वाळका भोपळा. एकचाकी हातगाडीत बसवलेली. बायका तिला भरवायच्या, उठवायच्या, तिचे मोजे बदलायच्या आणि हे सगळं करताना इंग्रजीत तिची समजूत काढत. आपल्या खऱ्या सासूशी जन्मात गोड न बोललेल्या बायका त्या भोपळ्याला ‘डार्लिंग’ म्हणत.

तिसरी होती खडूची रेघ. वर्ग भरे गावाच्या वाचनालयात, जिथं पूर्वी नाचाच्या तालमी चालत. बाईंनी जमिनीवर मधोमध खडूनं रेघ ओढली. रेघेपलीकडं इंग्लंड, तिथं गावची भाषा बोलायची नाही. शेगडी मुद्दाम इंग्लंडात ठेवली. थंडी पडली की अलीकडं कोण थांबतंय. वाचनालयाचा राखणदार स्पास, ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तो शेगडीत लाकडं घालायला मुक्यानं जाऊन मुक्यानं यायचा आणि दारात आल्यावर म्हणायचा, “ह्या देशात मानसाला थुकायचीबी चोरी.”

अशा तऱ्हेनं बाईंच्या हाताखालून बायका गेल्या आणि टिकल्या. पूर्वी मुलाखत फोनवर व्हायची. वाचनालयात चित्र दिसणारा संगणक आला, तेव्हापासून आंबट तोंडं सुरू झाली. हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण त्यांना वाटे, बायका चित्रापुढं घाबरतात.

“आसं कर,” चटणी ढवळत बाई म्हणाल्या, “ती पोरगी काय म्हनली, तू काय म्हनलीस, जसंच्या तसं करून दाव. मी ती पोरगी.” आणि इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला म्हातारी माणसं आवडतात का?”

“येस, मॅडम,” नेद्का म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मनापासून म्हणताना तिचं डोकं डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं हललं, माश्या वारणाऱ्या गाईसारखं. दोल्ना क्रुशाच्या मुलखात ‘हो’ला डोकं असंच हलतं. ‘नाही’ला वर उडतं.

बाईंचा चाटू कढईत थांबला.

त्यांना वोरोनेझच्या भोजनगृहातला कोबीचा रस्सा आठवला. बावीस वर्षांची दोच्का, रशियन पक्की करायला गेलेली, भुकेनं कासावीस. वाढणारी बाई विचारते, आणखी? दोच्का तोंड भरलेलं म्हणून नुसतं डोकं हलवते, हो हो हो. आणि वाढणारी रश्श्याचं भांडं उचलून पुढच्या मेजावर जाते. तीन दिवस अर्धपोटी काढल्यावर तिला कळलं की बाकीच्या जगाचं डोकं उलटं हलतं. हे कळलं, चांगलं हसूही आलं, आणि गावी परत आल्यावर ती ते साफ विसरून गेली. गावात सगळ्यांचीच डोकी सारखी, विसरायला कितीसा वेळ.

“नेद्के,” बाई म्हणाल्या, “तू तोंडानं व्हय म्हनलीस आन् डोक्यानं न्हाय म्हनलीस. त्या पोरीला वाटलं, बया खोटं बोलतीया.”

नेद्कानं सोललेली मिरची हातात तशीच धरली. “म्हंजे माज्या डोक्यानं माजी नात घालवली?”

“डोकं तुजं न्हवं, गावाचं हाय. पर आता ते फिरवायचं.”

ढवळणं थांबलं होतं तेवढ्यात चटणी बुडाला लागलीच. त्या वर्षीच्या बाटल्यांना शेवटपर्यंत करपट वास होता.

दुसऱ्या दिवसापासून डोकं फिरवायची शाळा सुरू झाली. ‘येस’ म्हणताना डोकं खाली-वर, ‘नो’ म्हणताना आडवं. सांगायला सोपं. पण जन्मल्यापासून जे मानेत बसलंय त्याला सांगणार कोण? नेद्का तोंड सांभाळायला गेली की मान सुटायची, मान धरली की तोंडातून ‘येस’च्या जागी ‘नो’ यायचं. वर हा सराव ती घरीही करू लागली. शेजारीण तांब्याची कढई मागायला आली. नेद्कानं इंग्रजी पद्धतीनं मान हलवून ‘ने की’ सांगितलं. शेजारणीनं पाहिलं ते ‘नाही’. ती पाय आपटत गेली आणि वेशीपर्यंत सांगत गेली, की नेद्का इंग्लंडला जायच्या आधीच शिष्ट झाली.

“बाई, हितं गावात माजी अब्रू चाललीया आन् तिथं काय गावना झालंय,” नेद्का म्हणाली. “जित्याची खोड हाय ही.”

“मंग डोकं हलवूच नगंस.”

“आन् ते कसं?”

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. कुंपणापाशी नेद्काची शेळी पाला ओरबाडत होती आणि तिच्या गळ्यातली घंटी खुळखुळत होती. बाईंच्या डोळ्यांत ती चमक आली, जी आली की वर्गातल्या बायका मागच्या बाकावर सरकत.

शेळीची घंटी नेद्काच्या डोक्याला, रुमालाच्या गाठीखाली बांधली गेली. वर्गात नवा खेळ निघाला. बाई प्रश्न विचारणार, नेद्का इंग्रजीत उत्तर देणार, घंटी वाजली की तिनं सासूचे मोजे काढून पुन्हा घालायचे. पहिल्या दिवशी सासूचे पाय उघडेच राहिले. स्पास दारातून म्हणाला, “बाई, हिला चरायला कवा सोडायची?” वर्गातली एक म्हणाली, “दुधाचं बघा आदी, दिती का.” पण आठवडा उलटेपर्यंत नेद्का अशी बोलू लागली, की घंटी मेल्यासारखी गप्प. डोळेही हलत नव्हते. बाई खूश झाल्या. भूमितीचं प्रमेय सोडवल्यासारख्या त्या गावातून हिंडल्या.

मुलाखतीच्या दिवशी नेद्कानं ठेवणीतला काळा झगा घातला. “घंटी ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “ती असली की मान भिऊन ऱ्हाती.” म्हणून घंटी रुमालाखाली तशीच राहिली. स्पासनं संगणक लावून दिला आणि शेगडीच्या मागं जाऊन बसला. दोच्काबाई चित्रात येणार नाहीत अशा बेतानं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इंग्रज सासूला आज कोपऱ्यात ढकललं होतं.

काचेत एक म्हातारी उमटली. पांढरे केस, गुडघ्यावर गोधडी, चष्म्याआडून बारीक नजर. प्रॉक्टरबाई. शेजारी तिचा मुलगा केनेथ, टक्कल पडलेला, हातात कागद. तो इंग्रजीत म्हणाला, “नमस्कार. तुम्हाला स्वयंपाक येतो?”

“येस, सर,” नेद्का म्हणाली. घंटी गप्प.

“तुम्ही धूम्रपान करता?”

“नो, सर.”

“रात्री उठावं लागलं तर चालेल?”

“येस, सर.” डोळे समोर, मान खांबासारखी, चेहऱ्यावर माशी बसली असती तरी उडाली नसती. बाईंनी भिंतीशी मूठ आवळली. असंच, नेद्के. असंच.

केनेथ काचेजवळ वाकला. “आई, हिचं चित्र अडकलंय बहुतेक. आवाज येतोय, पण हलत नाही काही.”

“बंद करून पुन्हा लाव,” म्हातारी म्हणाली.

काच काळी झाली. नेद्का अजून तशीच ताठ. “गेली का?” तिनं ओठ न हलवता विचारलं.

“येत्याल, येत्याल,” बाई म्हणाल्या.

आली. केनेथनं पुन्हा विचारलं, ऐकू येतंय का, दिसतंय का. नेद्का म्हणाली येस, येस, आणि पुन्हा खांब. केनेथनं उसासा टाकला आणि कागदावर काहीतरी खोडलं. “आई, आपण दुसरी कुणी बघू. असं बोलणं काही खरं नाही.”

“थांब रे,” म्हातारी म्हणाली. ती पुढं झुकली. “बाई, इतक्या लांब यायचं म्हणता. इथं तुमचं कुणी आहे का?”

या प्रश्नाचा सराव झाला नव्हता. पोतडीत अशी वस्तूच नव्हती. नेद्काच्या डोळ्यांपुढं कसली खडूची रेघ आणि कसली सासू. काच खरवडणारं बोट तेवढं आलं.

“येस!” ती म्हणाली, आणि तिची मान सुटली. डावीकडं, उजवीकडं, आठवडाभराची कोंडलेली सगळी एकदम. घंटी अशी वाजली की रानातून कळप घरी यावा.

काचेतली दोघं मागं सरकली. “हे काय वाजतंय?” केनेथ म्हणाला. “कुणी दारात आहे का? आणि ही येस म्हणतेय, पण मान तर...”

नेद्कानं दोच्काबाईंकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी कवळीची, मोज्यांची, गोळ्यांची, लघवीची वाक्यं शिकवली होती, पण या वेळेला लागणारं वाक्य त्यांच्याकडं नव्हतं. त्यांनी नुसते हात पसरले.

तेव्हा नेद्कानं डोक्याचा रुमाल सोडला, घंटी काढली आणि काचेपुढं धरली. आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द दगडासारखा ठेवत, बोलली.

“ही घंटी शेळीची. माझी शेळी. माझ्या गावात येस असं.” तिनं मान आडवी हलवली. “नो असं.” मान वर उडवली. “तुमच्या गावात उलटं. माझी बाई शिकवते, डोकं बंद ठेव. डोकं ऐकत नाही. माझं डोकं इंग्लंडचं नाही. कृपा करून माझं तोंड ऐका. तोंड खरं बोलतं. लीड्समध्ये माझी मुलगी, आणि छोटी मुलगी तिची. मला तिला हातात घ्यायची.”

प्रॉक्टरबाईनं चष्मा वर सरकवला आणि काचेतली घंटी नीट पाहिली.

मग प्रॉक्टरबाई हसायला लागली. तोंडावर हात न धरता, खांदे हलवत. “केनेथ,” ती म्हणाली, “तुझे वडील जन्मभर तोंडानं हो म्हणाले आणि डोक्यानं नाही. त्यांनी एकदा तरी असं सांगितलं का?” मग नेद्काकडं वळून तिनं विचारलं, “तुम्हाला कुत्रा चालेल का? उत्तर तुमच्या पद्धतीनं द्या. मला ओळखू दे.”

नेद्कानं मान आडवी हलवली.

“चालेल!” म्हातारी म्हणाली. “आणि माझा हा मुलगा मला दलियाच खायला घालतो. तुम्हीपण दलियाच घालणार?”

नेद्काची मान वर उडाली, आणि जीभ टाळ्याला लागून ‘च्’ असा आवाजही झाला, जो दोल्ना क्रुशात ठाम नकाराला होतो.

“हीच पाहिजे मला,” म्हातारी म्हणाली. केनेथनं कागद खाली ठेवला. एक महिना बघू, जमलं तर पुढं, असं ठरलं. निरोप घेताना प्रॉक्टरबाईनं मान आडवी हलवून दाखवली, आणि ती इतकी चुकीची हलली की स्पासनं शेगडीमागून खाकरून हसू लपवलं.

काच काळी झाल्यावर नेद्का रडली नाही. घंटी मुठीत धरून ती बसून राहिली आणि म्हणाली, “बाई, तुमचं तोंड बगण्यासारकं झालं व्हतं.”

“झालंच व्हतं,” बाई म्हणाल्या. “दोन आठवडे तुजं डोकं बांधीत बसले. आन् तोंड तर तुजं मोकळंच व्हतं.” हे बोलताना त्यांना थोडं टोचलं, नाही असं नाही. हुशार शिष्या मास्तराला आवडते, पण एक पान मागं असलेली जरा जास्त आवडते. “ते वाक्य पुन्यांदा सांग.”

“कंचं?”

“माजं तोंड ऐका, ते.”

नेद्का सांगत होती आणि बाई फळ्यावर लिहून घेत होत्या, एवढ्यात मागच्या दारातून स्पास ओरडला. गळ्यात घंटी नाही म्हणून शेळी कुणालाही चाहूल न देता आत शिरली होती आणि कोपऱ्यात इंग्रज सासूचं डोकं खात होती. अर्धा भोपळा गेला होता. कोटाच्या कॉलरवर बिया सांडल्या होत्या.

“मेले,” नेद्का शेळीला म्हणाली, “माजी परीक्षा झाली न्हवं, आता तू का सासूला गिळतीयास?” तिनं शेळीची मान धरली, घंटी जागच्या जागी बांधली आणि तिला ओढत घेऊन गेली. जाताना वाटेवर शेजारणीनं काहीतरी विचारलं. नेद्कानं गावच्या पद्धतीनं मान हलवली. त्या दोघींचं बोलणं सुरू झालं असावं, कारण घंटीचा आवाज बराच वेळ तिथंच थांबला.

पाचचा वर्ग तोंडावर आला होता. आज नव्या तिघी यायच्या होत्या. दोच्काबाईंनी वाचनालयाच्या अंगणातल्या ढिगातून दुसरा भोपळा उचलला, ठोकून पाहिला, हलका वाटला म्हणून ठेवला, तिसरा घेतला. कोळशानं त्याला डोळे काढले, तोंड काढलं. तोंड जरा हसरंच आलं. ते त्यांनी पुसलं नाही. मग पोत्यावर भोपळा बसवला, कोटाच्या बिया झटकल्या आणि खडू घेऊन जमिनीवर पुसट झालेली रेघ पुन्हा ओढायला घेतली. दारात नव्या बायका घुटमळत होत्या.

“या आत,” बाई वर न बघता म्हणाल्या. “शेगडीच्या बाजूला जाताना जरा जपून. तिथं इंग्लंड हाय.”